रुई कुजते, मग पऱ्हाटी का नाही?

कपाशी उपटली की जळगाव-धुळ्याच्या शिवारात सांजेला पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे ढीग पेटतात. ‘काडी कुजतच नाही,’ असं म्हणतात. पण बांधावर गळालेली रुई, म्हणजे कापूस, पावसाळ्यात मातीला मिळते. झाड एकच, मग असं का?

रुईत ९० टक्क्यांहून जास्त सेल्युलोज असतं, म्हणजे ग्लुकोजच्या सरळ माळा. सांधे सगळे सारखे, त्यामुळे ठरावीक विकरं (एन्झाइम) ते पटापट तोडतात. ट्रायकोडर्मा ही बुरशी त्यात पटाईत. दुसऱ्या महायुद्धात सोलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड खाणारी बुरशी याच कुळातली. काडीत मात्र सेल्युलोजवर लिग्निन या टणक पदार्थाचा गिलावा असतो. त्यातली कडी वाटेल तशी जोडलेली, कात्री बसवायला ठराविक सांधाच नाही.

इथे लाकूड कुजवणाऱ्या श्वेतकुज बुरशीची करामत बघा. ती कापत बसत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर तिचं विकर लिग्निनच्या कड्यातून एक इलेक्ट्रॉन उपटतं. कडं अस्थिर होतं आणि आजूबाजूचे बंध आपोआप तुटतात. असं लिग्निन पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये फॅनेरोकीट या श्वेतकुज बुरशीत सापडलं. गंमत म्हणजे नुसत्या लिग्निनवर ही बुरशी जगत नाही. आतल्या साखरेपर्यंत पोचायला ती भिंत फोडते. फॅनेरोकीट तर नत्र संपत आल्यावरच हे विकर बनवते. म्हणजे तिच्यावर पहिल्याच दिवशी युरिया ओतणं हे तिचं हत्यार काढून घेणं. ‘महिन्यात खत’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत नुसता ट्रायकोडर्मा असेल, तर लिग्निनपुढे त्याचं फारसं चालत नाही.

धिंगरी अळिंबीही (ऑयस्टर मशरूम) श्वेतकुजच. काड्यांचे २-३ सेंमी तुकडे करा, रात्रभर भिजवा, ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवा, निथळून गार झाल्यावर ओल्या वजनाच्या २-३ टक्के अळिंबीचं बियाणं मिसळा. हे थंडीतच जमतं. एप्रिलात आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे गेला की बुरशीच्या धाग्यांचं जाळं मरतं.

अळिंबी काढून उरलेला मऊ भुसा शेण घालून खड्ड्यात भरा. उघडा ढीग आपल्या उन्हात वरून लगेच वाळतो. शेणाचं नत्र आता कामी येतं. मूठ दाबल्यावर हात ओला व्हावा, धार लागू नये. आत ५५ ते ६५ अंश चढले पाहिजेत. ७० च्या वर गेलं तर कामाचे जिवाणूही मरतात, तेव्हा पलटी द्या. आणि हो, काडीवरच्या न फुटलेल्या कवड्या (बोंडं) आधीच तोडून नष्ट करा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते.