नाव कुणाचं: सांगलीची हळद, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी

कृष्णाकाठचा सहकार म्हटलं की आधी साखर कारखाना आठवतो. वसंतदादांनी १९५०च्या दशकात सांगलीत कारखाना उभा केला. वाळवा-कराड पट्ट्यातही कारखाने निघाले. पण साखरेला गाव नसतं. पोतं रेठऱ्याचं की वाळव्याचं, हे चहा पिणारा विचारत नाही. त्यामुळे एकत्र येऊन भाव पदरात पाडून घेणं इथले शेतकरी लवकर शिकले. मालाचं नाव राखायची वेळ बऱ्याच उशिरा आली.

हळदीत हा गुंता सगळ्यात जास्त. ‘सांगलीची हळद’ ही ओळख शेताची जितकी, तितकीच पेठेची. हरिपूरच्या मातीत खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, म्हणून लांबलांबचा माल इथे येऊन साठायचा आणि विकला जायचा. २००५च्या महापुराचं पाणी या पेवांत शिरलं आणि त्यांतली बरीचशी निकामी झाली. बाजार मात्र टिकला. मराठवाडा, कर्नाटक, तेलंगणातली हळकुंडंही सांगलीच्या सौद्याला येतात. मग यातली सांगलीची कुठली? व्यापाऱ्याचं या प्रश्नावाचून काही अडत नव्हतं. अडत होतं ते इथल्या मातीत हळद काढणाऱ्याचं.

मालाला त्याच्या मुलखाचं नाव राखून देणारा भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ साली झाला आणि सप्टेंबर २००३मध्ये लागू झाला. त्यातली कळीची गोष्ट अशी की अर्ज उत्पादकांच्या संघाने, संस्थेने किंवा एखाद्या प्राधिकरणाने करायचा. एकट्या शेतकऱ्याला नाव आपल्या नावावर करून घेता येत नाही. शिवाय चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाला हद्दीचा नकाशा द्यायचा, आणि मालाचा गुण माती-हवामानाशी कसा जोडलेला आहे तेही दाखवायचं. म्हणजे आधी आपसांत हद्द ठरवायची. मला हेच खरं अवघड काम वाटतं.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांनी ते आधी केलं. त्यांना २०१०मध्ये मानांकन मिळालं. पीक ब्रिटिशांच्या काळात आलेलं, मातृरोपं आजही परदेशातून मागवली जातात. तरी तांबडी माती आणि डोंगरावरची थंडी इथलीच, आणि दावा त्यावरच उभा राहिला. पुढे २०१६मध्ये कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला आणि सांगलीच्या बेदाण्याला, तर २०१८मध्ये सांगलीच्या हळदीला मानांकन मिळालं. बेदाण्याची शेडं तासगाव-मिरज भागात आधीपासून होतीच. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळीवर सावलीत वाळवण्याची पद्धत इथल्या कोरड्या हवेला मानवली होती.

पण संघाला मानांकन मिळालं म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याला ते नाव आपोआप वापरता येत नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. मूळ नोंदणीची मुदतही दहा वर्षांची. नूतनीकरण वेळेवर व्हायचं, तर तोवर संघ जिवंत ठेवावा लागतो.