नौदल मालिकांतील वास्तव आणि विश्वसनीयता

युद्धनौका किंवा पाणबुडी हेच ज्यांचे घटनास्थळ असते, अशा दूरचित्रवाणी मालिकांमध्ये जहाजावरचे जीवन कितपत खरे उतरले आहे आणि प्रेक्षकाला ते कितपत पटते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला माहितीचा आहे. त्यात गणवेश, हुद्दे, हुकूम देण्याची पद्धत, यंत्रे असे सारे येते. दुसरा कथेच्या बांधणीचा आहे. क्षेमेंद्र या संस्कृत काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात औचित्याचा, म्हणजे कुठे काय शोभते याचा, विचार मांडताना कंबरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर हसू होते, असे म्हटले होते. नौदलावरची मालिका पाहताना निवृत्त नौसैनिकाला चुकीच्या खांद्यावरचा बिल्ला खटकतो तो याच न्यायाने. सामान्य प्रेक्षकाला बिल्ला कळत नाही, पण जहाजावरची माणसे एकमेकांशी चुकीच्या अंतरावरून बोलू लागली की त्यालाही ते जाणवते.

या प्रकारातील पायाभूत उदाहरण म्हणजे बीबीसीची ‘वॉरशिप’ ही मालिका. १९७३ ते १९७७ या काळात तिचे ४५ भाग दाखवले गेले. मालिकेच्या जनकांपैकी एक, इयन मॅकिंटॉश हे स्वतः ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. ‘एचएमएस हिरो’ हे जहाज काल्पनिक, पण पडद्यावर दिसे ती ‘एचएमएस फीबी’ ही लिअँडर वर्गातील खरी फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका), अंगावरच्या एफ ४२ या क्रमांकासह. फीबीला नौदलाची स्वतःची कामे असत. ती हाताशी नसली की त्याच वर्गातील दुसऱ्या नौकेच्या अंगावर एफ ४२ रंगवून चित्रण उरकले जाई. या वर्गातील नौकांची शस्त्रसज्जता एकसारखी नसल्याने जाणकारांना हा बदल ओळखता येई. मुंबईकरांना हा आकार परका नव्हता. लिअँडरच्याच आराखड्यावर माझगाव गोदीत सहा फ्रिगेट बांधल्या गेल्या आणि त्यांतली पहिली, ‘आयएनएस निलगिरी’, १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली.

तरीही ‘वॉरशिप’ पटते ती केवळ खऱ्या पोलादामुळे नव्हे. चार पर्वांत तिचे कप्तान बदलत गेले. खऱ्या नौदलातही कप्तानाची नेमणूक ठरावीक मुदतीची असते, जहाज तेच राहते आणि माणूस बदलतो. लोकप्रिय नायकाला निरोप देण्याचे धाडस मालिकेने केले, आणि तिच्या विश्वसनीयतेचा सर्वांत भक्कम पुरावा मला तोच वाटतो.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या ‘द लास्ट शिप’ (२०१४–२०१८) या मालिकेचे. ‘नेथन जेम्स’ या काल्पनिक विनाशिकेसाठी अमेरिकी नौदलाने ‘यूएसएस हॅल्सी’ ही खरी नौका चित्रणाला दिली. डेक खरा, तोफ खरी, सुकाणूजवळची धावपळही बरीच खरी. पण कप्तान वारंवार स्वतः बंदूक घेऊन किनाऱ्यावरच्या मोहिमेत उतरतो. संकटात कप्तान जहाज सोडत नाही, किनाऱ्यावर पाठवायला त्याच्या हाताखाली तुकड्या असतात. मुख्य अभिनेता जिथे धोका तिथे हवा, या पडद्याच्या गरजेपुढे नौदलाची सर्वांत मूलभूत शिस्त इथे वाकवली गेली आहे, आणि जहाज खरे असल्याने ती चूक अधिकच डोळ्यांवर येते.

नौका उसनी मिळण्याला किंमतही असते. अमेरिकेचे संरक्षण खाते मदत देण्याआधी पटकथा वाचते आणि बदल सुचवते. त्यामुळे गणवेश अचूक होतात, पण नौदलाला अडचणीची ठरतील अशी कथानके मदतीविनाच उभी करावी लागतात. ऑस्ट्रेलियाच्या ‘सी पट्रोल’ (२००७–२०११) मालिकेत ‘हॅमर्सली’ ही गस्ती नौका आधी फ्रीमँटल वर्गातील होती. खरे नौदल नव्या आर्मिडेल वर्गाकडे वळत होते, म्हणून दुसऱ्या पर्वापासून कथेतही त्याच नावाची नवी नौका आली. वास्तवाने कथेला वळण दिल्याचे हे प्रसन्न उदाहरण.

पडद्याला सर्वांत जड जाते ते अंतर. पाण्यापासून सुमारे १५ मीटर उंचीवर उभ्या माणसाला क्षितिज साधारण १४ किलोमीटरवर दिसते, आणि क्षेपणास्त्रे त्याच्या कितीतरी पलीकडे जातात. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर चाल करून गेलेल्या ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या क्षेपणास्त्र नौकांना आपली लक्ष्ये रडारवरच्या ठिपक्यांतून शोधावी लागली. आधुनिक कप्तान लढतो तो बहुधा जहाजाच्या पोटातल्या अंधाऱ्या संचालन कक्षातून. मालिकांना मात्र समुद्र दिसायला हवा, म्हणून त्या लढाई ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या वरच्या कक्षात, आणतात आणि दोन नौका एकाच चौकटीत बसवतात. चार-चार तासांच्या पाळ्यांतून साचणारा शीण आणि झोपेचा हिशेब तर जवळजवळ दिसतच नाही. खरे तर जहाजावरच्या कुरबुरींचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते.

पाणबुडीत प्रश्न उलटा होतो, कारण तिथे जागाच नसते. ‘दास बोट’ हा १९८१ चा जर्मन चित्रपट पुढे लांबवून मालिकेच्या रूपातही दाखवला गेला. त्यासाठी पाणबुडीचा अंतर्भाग पूर्ण आकारात बांधून तो हलत्या यंत्रणेवर बसवला होता, आणि नटांचे चेहरे फिकट दिसावेत म्हणून त्यांना उन्हापासून दूर ठेवले होते. तरी मूळ कादंबरीकार बुखहाइम समाधानी नव्हते. युद्धवार्ताहर म्हणून ते स्वतः यू-९६ पाणबुडीवर होते आणि नटांचा आरडाओरडा त्यांना अतिरंजित वाटला. बीबीसीच्या ‘व्हिजिल’ (२०२१) मालिकेतील अण्वस्त्रवाहू पाणबुडी जाणकारांना फार ऐसपैस वाटली. पण गस्तीवरची अशी पाणबुडी संदेश घेते, सहसा पाठवत नाही, हे सत्य मालिकेने नेमके पकडले. तपासासाठी पाणबुडीवर गेलेली पोलीस अधिकारी आत एकाकी पडते ती या मौनामुळे, आणि रुंद बोळ आपण विसरून जातो.

भारतात दूरदर्शनवरील ‘आरोहण’ या मालिकेत पल्लवी जोशी यांनी नौदलात शिरणाऱ्या तरुणीची भूमिका केली. वैद्यकीय शाखेबाहेर स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला भारतीय नौदलाने १९९२ मध्ये सुरुवात केली होती, त्यामुळे विषय ताजा होता. मात्र युद्धनौकांवर स्त्रियांच्या नियमित नेमणुका २०२० नंतरच होऊ लागल्या. नव्वदच्या दशकातल्या पटकथेत एखादी स्त्री युद्धनौकेची प्रमुख दाखवली असती, तर ती कल्पनाविलास ठरली असती. २०२३ मध्ये मुंबईच्या लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांची ‘आयएनएस ट्रिंकट’ या युद्धनौकेच्या प्रमुखपदी निवड झाली.