पंखांवरचा फवारा विमान उडेपर्यंतच

हिवाळ्यात टोरांटो किंवा फ्रँकफर्टहून निघताना पंखांवर फवारलेला द्रव प्रवासभर बर्फ जमू देत नाही, असा अनेकांचा समज असतो, पण तो खरा नाही. तसं वाटणं साहजिक आहे. फवारणी डोळ्यांना दिसते, हवेतलं काम मात्र पंखाच्या आत चालतं.

हा द्रव म्हणजे मुख्यतः ग्लायकोल (पाणी सहजी गोठू न देणारं रसायन) आणि पाणी. गरम, नारिंगी द्रव साचलेला बर्फ काढतो. घट्टसर, हिरवा द्रव नवा बर्फ धरू देत नाही, तोही ठरावीक वेळच. ती वेळ टळली की पुन्हा फवारणी. धावपट्टीवर वेग वाढताच तो वाऱ्याने ओघळून जावा अशीच त्याची घडण असते.

हवेत मग काय? बहुतेक मोठ्या जेट विमानांत इंजिनातली तापलेली हवा नळ्यांमधून पंखाच्या पुढच्या कडेत सोडतात. काही नव्या विमानांत ती कड विजेवर तापते. गरज लागते मुख्यतः चढता-उतरताना, ढगांत. तिथे शून्याखालीही न गोठलेले थेंब कडेवर आदळून बर्फ होतात. 35,000 फुटांवर थंडी कडक असली तरी असे थेंब क्वचितच असतात.

खिडकीशी जागा मिळाली तर विमान धावताना पंखाकडे पाहा. द्रवाचे ओघळ मागे सरकताना दिसतील.