१६ इंचांचा हिशोब आणि वेल्डिंगचा ठिपका

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही एआर-१५ रायफलींच्या (सैनिकी रायफलीच्या नागरी आवृत्तीच्या) तोंडावरचा फ्लॅश हायडर, म्हणजे गोळी सुटताना उठणारा भडका कमी करणारा भाग, नीट निरखला, तर त्याच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा वेल्डिंगचा ठिपका सापडतो. ठिपक्याखाली बारीक पोलादी पिन असते, हायडरच्या भिंतीतून घुसून नळीच्या आट्यांत रुतलेली. नेम साधायला तिचा काडीचा उपयोग नाही. ती आहे कायद्यासाठी, आणि तो कायदा १९३४ सालचा.

दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनी, विशेषतः १९२९ च्या शिकागोतल्या सेंट व्हॅलेंटाइन डे हत्याकांडाने, अमेरिका हादरली होती. २६ जून १९३४ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टवर सही केली. मूळ मसुद्यात पिस्तुलांचीही नोंदणी होती. मग लोक रायफलच कापून कोटात लपवतील, म्हणून आखूड रायफलीही त्यात घातल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुलं वगळली गेली, आखूड नळीचं कलम मात्र तसंच राहिलं. नवरदेव परत गेला आणि वऱ्हाड मांडवात बसून राहिलं, असा प्रकार! रायफलच्या नळीची मर्यादा आधी १८ इंच होती, १९६० मध्ये ती १६ झाली. त्याहून आखूड हवी असेल तर सरकारी नोंदणी आणि, २०२५ अखेरपर्यंत, २०० डॉलर कर. १९३४ मध्ये ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती.

खरी अडचण झाली ती सैन्याच्या एम-४ कार्बाइनमुळे. तिची नळी साडेचौदा इंचांची. हौशी लोकांना हुबेहूब तशीच रायफल हवी, पण दीड इंच कमी पडतो. वाट मोजमापाच्या नियमातच होती. बोल्ट बंद करून नळीत लाकडी दांडी सरकवायची आणि तोंडापर्यंतची लांबी मोजायची. पुढे बसवलेला भाग कायमचा असेल तर तोही नळीतच धरायचा. ‘कायमचा’ म्हणजे काय, हे एटीएफ या केंद्रीय खात्याने ठरवून दिलं: पूर्ण वेल्डिंग, ११०० अंश फॅरनहाइटचा चांदीचा डाख, किंवा पिन ठोकून वर वेल्डिंग.

१९९४ च्या ‘असॉल्ट वेपन’ (लष्करी धाटणीच्या बंदुका) बंदीने या पिनेला आणखी गिऱ्हाईक दिलं. फ्लॅश हायडर आणि तो बसवता येईल असे आटे, दोन्ही बंदीच्या लक्षणांत मोजले जात. म्हणून कंपन्या साधा मझल ब्रेक, म्हणजे बंदुकीचा धक्का कमी करणारा भाग, कायमचा जोडून आटे झाकून टाकत. बंदी २००४ मध्ये संपली, काही राज्यांत मात्र तशीच कलमं राहिली. न्यूयॉर्कच्या २०१३ च्या कायद्यात तर मझल ब्रेकचं इंग्रजी स्पेलिंगच चुकलं, ‘थांबवणारा’च्या जागी ‘मोडणारा’ ब्रेक पडला. त्यावरून एका केंद्रीय न्यायाधीशाने तो उल्लेख संदिग्ध ठरवला. २०१५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. देवनागरीत दोन्ही ब्रेक सारखेच, आपल्याकडे हा खटला उभाच राहिला नसता.

कायमचं जोडलेलं काढायची वेळ का येते? कारण नळीतला वायू मागे वळवणारा गॅस ब्लॉक नळीच्या तोंडाकडूनच निघतो, हँडगार्डचा (नळीभोवतीच्या हात धरायच्या आवरणाचा) नटही बऱ्याचदा तिकडूनच. ते बदलायचे तर वाटेतला हायडर आधी हटवावा लागतो. सायलेन्सर दुसऱ्या कंपनीचा घेतला तरी तेच, कारण प्रत्येकाची पकड वेगळी. आणि हायडर निघाला की उरते साडेचौदा इंचांची नळी, म्हणजे कायद्याच्या लेखी नोंदणी नसलेली आखूड रायफल. त्यामुळे हे काम परवानाधारक कारागिराकडे जातं.

१ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलींवरचा २०० डॉलरांचा कर शून्य झाला. नोंदणी आणि मंजुरी तशीच आहे, काही राज्यांत तर अशी रायफल ठेवताच येत नाही. पण जिथे चालते तिथे पिनेची गरज कमी झाली, आणि जुने ठिपके खरवडायचे असतील तर आधी कागद, मग ड्रिल, हा क्रम पाळावा लागतो. ड्रिल जरा खोल गेलं तर खालचे आटे जातात, आणि मग नवा हायडर बसवायला नळीच बदलावी लागू शकते.