कॅल्क्युलेटरवरचे किती आकडे लिहायचे?

इलेक्ट्रॉनिक काट्यासोबतचे माहितीपत्रक

काट्यावर वजन आले २३.४७ ग्रॅम, मोजपात्रात आकारमान ८.६ मिली. भागाकार केला की कॅल्क्युलेटर २.७२९०६९७६७ दाखवतो. नोंदवहीत लिहायचे फक्त २.७ ग्रॅम प्रति मिली. मोजपात्र वाचताना ८.६ ऐवजी ८.७ वाचले गेले असते, तर उत्तर २.७० च्या आसपास आले असते. म्हणजे दशांशानंतरचा दुसरा अंकच डळमळीत आहे. त्यापुढचे सगळे आकडे कॅल्क्युलेटरचे, मोजमापाचे नव्हेत.

आकड्यातले जे अंक खरोखर मोजमापातून आलेले असतात, ते सार्थ अंक. ते मोजताना गोंधळ होतो तो शून्यांचा. सुरुवातीची शून्ये धरायची नाहीत, मधली धरायची: ०.००४२ मध्ये दोन सार्थ अंक, ४.००२ मध्ये चार. दशांश चिन्हानंतरचे शेवटचे शून्यही धरायचे. काटा १२.५० दाखवत असेल तर १२.५ लिहू नका. ते शून्य काट्याने मोजलेले आहे. १५०० या आकड्यात दोन अंक सार्थ आहेत, तीन की चार, हे नुसते पाहून कळत नाही. तीन असतील तर १.५० × १०³ लिहा, म्हणजे वाद मिटला.

गुणाकार-भागाकाराचा नियम बेरीज-वजाबाकीला लावू नका. गुणाकार-भागाकारात ज्या मापात सार्थ अंक सर्वांत कमी, तेवढेच उत्तरात. बेरीज-वजाबाकीत मात्र दशांश स्थळे पाहायची, सार्थ अंक नव्हे.

वजाबाकीत अंक कसे गळतात ते पाहा. रिकामे भांडे ५२.३२ ग्रॅम, नमुन्यासकट ५२.७४ ग्रॅम. दोन्हींत चार सार्थ अंक, पण फरक ०.४२ ग्रॅम, म्हणजे उरले दोनच. टेअरचे बटण दाबून भांड्याचे वजन आधीच शून्य केले तरी फरक पडत नाही, कारण तीच वजाबाकी काटा आतल्या आत करतो. उपाय दोनच: दहापट नमुना घ्या, नाहीतर ०.००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा वापरा.

राउंड ऑफ एकदाच, अगदी शेवटी. १२.४ × ८.३५ × २.०६ सेमीच्या ठोकळ्याचे घनफळ २१३.२९२४, म्हणजे २१३ घन सेमी. पहिल्या दोन मापांचा गुणाकार १०३.५४ मध्येच १०४ केला, तर उत्तर २१४ येते. पायरीपायरीने राउंड करणेही चुकीचे: ५.३४६ चे आधी ५.३५ आणि मग ५.४ होते, थेट केले तर ५.३, आणि तेच बरोबर.

सोडायचा भाग नेमका ५ असेल तर आधीचा अंक सम ठेवण्याची पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे: २.३५ चे २.४, आणि २.४५ चेही २.४. पाचानंतर काहीही असले, जसे २.४५१, तर वरच जायचे: २.५. काही ठिकाणी ५ नेहमीच वर नेतात. कुठलीही एक पद्धत चालेल. एकाच अहवालात दोन नकोत.

मोजून घेतलेल्या नगांची संख्या सार्थ अंकांच्या हिशेबात येत नाही. २० वॉशरचे वजन ४८.३६ ग्रॅम, तर एकाचे सरासरी २.४१८ ग्रॅम; इथे २० हा आकडा तंतोतंत आहे. १ इंच = २५.४ मिमी हेही व्याख्येनेच तंतोतंत.

पीएच, म्हणजे द्रावणाची आम्लता दाखवणारा आकडा, लॉगॅरिदमवर आधारलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब वेगळा. हायड्रोजन आयनांची तीव्रता ४.७ × १०⁻⁴ मोल प्रति लिटर असेल तर पीएच ३.३३. तीव्रतेत दोन सार्थ अंक, म्हणून पीएचमध्ये दोन दशांश स्थळे. पूर्णांकातला ३ फक्त दहाचा घात सांगतो.

एक्सेलमध्ये दशांश कमी करण्याचे बटण फक्त दिसणारा आकडा बदलते, आत पूर्ण आकडा तसाच राहतो. मधल्या पायऱ्यांना ते सोयीचेच आहे. राउंड सूत्र मात्र आकडा खरोखर बदलते, म्हणून ते फक्त शेवटच्या खान्यात वापरा. त्यात दशांश स्थळे द्यावी लागतात, सार्थ अंक नव्हे. शिवाय १२.५० चे शेवटचे शून्य एक्सेल गाळून टाकते. त्या खान्याचे फॉरमॅट दोन दशांशांवर ठेवा.