पावडर पडतेय? मग ती वाळवी नाहीये

कपाटाखाली पिवळसर पावडरीची छोटीशी ढिगोळी दिसली की घरात एकच ओरडा होतो, वाळवी लागली, वाळवी लागली. मग कुणीतरी येऊन फरशीच्या कडेकडेने भोकं पाडतो, औषध सोडतो, पैसे घेऊन जातो, आणि महिन्याभराने त्याच जागी परत तशीच ढिगोळी. माझ्याकडे नेमकं हेच झालं, म्हणून हा त्रागा.

वाळवी तुम्हाला माहितीये. भिंतीवरून चढत जाणारी पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी, वरून धडधाकट दिसणारी पण ठोकली की पोकळ वाजणारी चौकट, आणि पाऊस पडून गेल्यावर दिव्याभोवती घिरट्या घालून पंख गाळणारे किडे. (ते पंख चारही सारख्याच लांबीचे असतात, उडणाऱ्या मुंगीचे पुढचे मोठे आणि मागचे लहान, शिवाय मुंगीची कंबर बारीक. संपला विषय.) आणि हो, वाळवीला पांढऱ्या मुंग्या म्हणणं सोडा आता, ती झुरळांच्या गोतावळ्यातली आहे.

दुसरा तो लाकूड पोखरणारा भुंगा, पावडर पाडणारा खरा तोच. कुणी भिरूड म्हणतं, पेस्ट कंट्रोलवाले बोरर म्हणतात. सगळा घोळ आहे तो याच्या पावडरीचा. वाळवीच्या पोटातले सूक्ष्मजीव लाकडाचा मुख्य भाग, म्हणजे सेल्युलोज, पचवतात. जे उरतं त्यात माती आणि लाळ कालवून ती आपल्याच बोगद्यांना गिलावा करते, कारण तिला आत ओल टिकवायची असते, उघडी हवा तिला सोसत नाही. म्हणजे बाहेर सांडायला काही उरतच नाही. भुंग्याच्या अळीचं उलटं. टाल्कमसारखी पावडर पाडणारा जो नेहमीचा भुंगा आहे त्याच्या अळीला सेल्युलोज पचतच नाही, तिला हवा असतो लाकडातला स्टार्च, आणि तो असतो थोडासा, म्हणून चिमूटभर स्टार्चसाठी ती लाकूड कुरतडत राहते आणि बाकीचं सगळं पीठ होऊन मागे पडतं. पुढे भुंगा तयार झाला की 1-2 मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो आणि ते पीठ खाली सांडतं. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आणि पावडर दिसली की भुंगा. माती दिसली की वाळवी.

एकच अपवाद, कोरड्या लाकडात राहणारी वाळवी. तिला जमीन लागत नाही आणि तीही काहीतरी खाली पाडते, पण ती पावडर नसते, खसखशीएवढे टणक दाणे असतात. बोटांत चोळून बघा, दाणे लागतात की पीठ. भिंगातून त्या दाण्यांच्या सहा बाजू दिसतात.

आता हे का महत्त्वाचं? कारण नेहमीच्या वाळवीचं घर जमिनीत असतं, लाकडात फक्त जेवायला येणं, त्यामुळे मातीत औषध सोडणं किंवा आमिष लावणं बरोबरच, आणि गळका पाईप आधी दुरुस्त करा नाहीतर ओल आहे तोवर ती परत येणार. भुंगा मात्र जन्मतो, वाढतो तो लाकडाच्या आतच, फरशीखाली त्याचं काहीही नाही, मग फरशीला भोकं पाडून मरणार कोण? तिथे त्या लाकडालाच औषध द्यायचं, भोकांत इंजेक्शनने सोडायचं किंवा पॉलिश खरवडून बोरेट नावाचं औषध लावायचं (पॉलिशवरून लावलं तर आत मुरत नाही, हे कुणी सांगतच नाही). छोटी वस्तू असेल तर सरळ टाकून द्या, मी तेच करतो.

आणि घाई नको. जुन्या भोकांतली पावडर कपाट हलवलं, दार आपटलं तरी पडते, भुंगा कधीचाच निघून गेलेला असतो. सगळं पुसून घ्या, भोकांभोवती पेन्सिलीने खूण करा, खाली काळा कागद ठेवा आणि कपाटाला हात न लावता काही आठवडे बघा. नवीन भोक दिसलं तर आत जिवंत आहे कुणीतरी.

वाळवीच्या बाबतीत माझा राग एकाच गोष्टीवर, दिसली नळी की झाडूने साफ करून वर रंग मारणारे. अहो, ती नळी हाच तुमचा पुरावा आहे, ती कुठून येते आणि कुठे जाते ते बघू द्या ना माणसाला. फारतर मधला इंचभर तुकडा फोडा आणि काही दिवसांनी बघा, परत जोडला असेल तर येजा चालू आहे. नसेल जोडला तरी लगेच खूश होऊ नका, दुसरा रस्ता धरला असेल. आणि रॉकेल ओतणाऱ्यांनो, समोरच्या शंभर मेल्या तरी खाली राणी अंडी घालतच असते.