क्रॅश कर्नेलसाठी राखीव मेमरी

संगणक सुरू होतानाच मुख्य मेमरीतला एक सलग भाग बाजूला काढून, चालू कर्नेल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळल्यास बूट करायच्या दुसऱ्या कर्नेलसाठी तो अस्पर्श ठेवण्याची पद्धत. ती प्रामुख्याने लिनक्सच्या केडंप यंत्रणेशी निगडित आहे; तीत हा दुसरा कर्नेल कोसळलेल्या कर्नेलच्या मेमरीची नक्कल (डंप) तपासणीसाठी जतन करतो. ‘राखीव’ हा शब्द येथे शब्दशः घ्यावा. मेमरीची कितीही चणचण भासली, तरी चालू कर्नेल हा भाग कोणत्याही कामाला देत नाही.

मेमरीची नक्कल घेण्याची प्रथा याहून बरीच जुनी आहे. बीएसडी युनिक्समध्ये कोसळणारा कर्नेल स्वतःच ती स्वॅपच्या जागेत (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या डिस्कवरील भागात) लिही आणि पुढच्या बूटला सेव्हकोर ही आज्ञा ती फाइलमध्ये उतरवून घेई. लिनक्सवरील एलकेसीडी, डिस्कडंप व नेटडंप या यंत्रणांतही लिहिण्याचे काम कोसळलेल्या कर्नेलकडेच होते; फक्त नेटडंप ती नक्कल नेटवर्कवरून पाठवी. म्हणजे बिघडलेल्याच कर्नेलच्या भरवशावर राहायचे. मेमरीतच नक्कल जपून नव्याने बूट करणाऱ्या एमकोर या यंत्रणेला केडंपचा पूर्वज मानता येईल. तथापि, आधीपासून वेगळी राखलेली जागा आणि तीत भरून ठेवलेला कर्नेल ही जोडी लक्षात घेता, प्रस्तुत पद्धतीचा आरंभ केडंपपासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. केडंप व त्याला आधारभूत केएक्झेक (चालू कर्नेलमधून थेट दुसरा कर्नेल सुरू करण्याची सोय) हे दोन्ही 2005 मध्ये लिनक्स 2.6.13 मध्ये आले.

जागा आगाऊ का राखायची, याचे खरे उत्तर डीएमएमध्ये, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याच्या पद्धतीत, आहे. कर्नेल थांबला तरी नेटवर्क कार्डासारखी उपकरणे आधी नेमून दिलेल्या पत्त्यांवर लिहीतच राहू शकतात. दुसरा कर्नेल त्याच पत्त्यांवर उतरला, तर तोही बिघडेल. राखीव भाग उपकरणांना कधीच दिलेला नसल्याने हा धोका तेथे बराच कमी होतो. दुसरा कर्नेल तेथे आधीच भरलेला असतो आणि त्याच्याकडे ताबा जाण्यापूर्वी त्याची बेरीज-पडताळणी (चेकसम) होते.

सुरुवातीला दुसरा कर्नेल ठरावीक पत्त्यासाठी वेगळा बांधावा लागे. बूटच्या वेळी कर्नेलला दिलेली ‘64M@16M’ ही नोंद म्हणजे 16 मेगाबाइटच्या पत्त्यापासून 64 मेगाबाइट. 32-बिट एक्स86 वर 2.6.20 पासून कर्नेल हलवता येऊ लागला व हे बंधन सैलावले. 64-बिट एक्स86 वर 4 गिगाबाइटच्या वरची जागा घेण्यासाठी त्याच नोंदीत ‘high’ हा पर्याय आहे. तरीही 32-बिट डीएमएच्या उपकरणांसाठी त्या मर्यादेखाली थोडी जागा लागतेच.

किती मेमरी राखावी याचे सर्वमान्य सूत्र नाही. ड्रायव्हर, प्रारंभिक रॅमडिस्क (बूटच्या वेळी मेमरीत भरली जाणारी तात्पुरती फाइल-व्यवस्था) आणि नकलेतून नको असलेली पाने (मेमरीचे तुकडे) गाळणारे मेकडंपफाइल हे साधन यांवर ते अवलंबून असते. जागा अपुरी पडली, तर दुसरा कर्नेलच मेमरीअभावी कोसळतो. राखीव आकार चालू यंत्रावर कमी करता येतो, वाढवता मात्र येत नाही.

आयबीएमच्या पॉवर यंत्रांवरील एफएडंपमध्ये फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले मूळ सॉफ्टवेअर) मेमरीचा ठरलेला भाग जपून ठेवते आणि यंत्र पुन्हा नेहमीसारखे बूट होते. विंडोज डंपसाठी मेमरीऐवजी पेजफाइलवर, म्हणजे डिस्कवरील जागेवर, विसंबते.